शेरडं म्हणजे काय

माझे वडील रोहिदास, आम्हा सगळ्यांचे आबा, सदुसष्ट वर्षांचे आहेत आणि दोन्ही गुडघ्यांनी थकलेले आहेत. तरी दर रविवारी त्यांना सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्या जुन्या पाड्यावर प्रार्थना घ्यायला जायचंच असतं. रावेरहून डांबरी रस्ता संपेपर्यंत मी त्यांना स्कूटीवर नेते, पुढे अर्धा तास पायी. वाटेत ते चारदा दगडावर टेकतात. ‘आता पुरे करा,’ असं मी पाच वर्षं सांगते आहे, पण पालथ्या घड्यावर पाणी.

लहानपणी आबा धुळ्याला मिशनच्या वसतिगृहात राहून सातवीपर्यंत शिकले. नंतर चाळीस वर्षं सहा दिवस केळीचे घड ट्रकमध्ये चढवायचे आणि सातव्या दिवशी पाड्यावर शास्त्र सांगायचं. त्यातही त्यांचा जीव शास्त्रातल्या प्राण्यांवर. एका वहीत त्यांनी सगळ्यांचे अर्थ लिहून ठेवलेत. कबुतर म्हणजे पवित्र आत्मा. गाढव म्हणजे नम्रपणा, कारण प्रभू त्याच्यावर बसून शहरात आला. सिंहापुढे दोन अर्थ आहेत, एकीकडे खुद्द प्रभू, दुसरीकडे गर्जना करत फिरणारा सैतान. ‘मग ओळखायचा कसा?’ असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘जवळ आल्यावर कळतं.’ मला हसू आलं, त्यांना नाही.

शेवटच्या न्यायाचा भाग ते दरवर्षी वाचतात. राजा मेंढरं उजव्या हाताला घेईल आणि शेरडं डाव्या हाताला, आणि डावीकडचे अग्नीत जातील. आता आमच्या पाड्यावर शेरडं हा शब्दच कुणाच्या तोंडी नाही. लोकांना वाटायचं, असेल सायाळीसारखं एखादं रानटी जनावर, जाऊ दे अग्नीत. मेंढरं तरी कुठे आमची? ती भटक्या ठेलारी मेंढपाळांची, उन्हाळ्यात येतात आणि बांधावरचं खाऊन जातात. सगळे ऐकायचे, आमेन म्हणायचे आणि घरी जायचे.

मी मात्र गप्प बसले नाही. मार्चमध्ये वाटेत दगडावर टेकलेल्या आबांना म्हणाले, ‘तुमचं निम्मं लोकांना कळतच नाही. पुस्तकातले शब्द काय कामाचे? त्यांच्या भाषेत सांगा.’ आबांनी ऐकलं. माझं कधी नव्हे ते ऐकलं. त्या रविवारी त्यांनी चष्मा वर सरकवून सांगितलं, ‘शेरडं म्हंजे आपल्या बकऱ्याच. मेंढरू मालकना मागे चालस. बकरी हट्टी, कोठे भी तोंड घालस. म्हनीसन ती डाव्या हातले.’ लोक हसले. पुढच्या रांगेत कस्तुराअक्का बसली होती, ती हसली नाही हे मला नंतर आठवलं.

कस्तुराअक्का आबांहून दोन वर्षांनी मोठी, विधवा आणि एकटी. तिचं शेत नाही. होत्या त्या सात बकऱ्या, त्यांच्यावरच तिने तीन पोरं वाढवली आणि लग्नं करून दिली.

पुढच्या रविवारी पाड्यावर पोचलो तर अक्काचा शेजारी बिजला वाटेतच उभा होता. ‘भाऊ, कस्तुराअक्कानी बठ्ठ्या बकऱ्या इकी टाक्यात. बाजारमा. एक भी नही ठेवी.’

आबांनी विचारलं, ‘काबर?’

बिजला जमिनीकडे बघत म्हणाला, ‘तुम्हीच सांगं व्हतं ना, बकऱ्या डाव्या हातले.’

आबा प्रार्थनेला गेले नाहीत. लोकांना थांबवून तसेच अक्काच्या झोपडीकडे वळले, मागून मी आणि बिजला. मला त्यांचा राग आला, माझा जास्त आला. दावणीचे सात खुंटे रिकामे होते. अक्का दारात बसली होती, तिने नेहमीसारखी खाट पुढे ओढली.

‘अक्का, बकऱ्या इक्यात?’

‘मंग काय करू, भाऊ? मरानी येळ उनी. देव इचारी, तुना घरमा कोण व्हतं? तर मी काय सांगू, डाव्या हातना?’

आबांनी पुस्तक उघडलं. पान सापडेना. ‘मी अर्धंच सांगं व्हतं,’ ते म्हणाले. ‘पुढे ऐक. राजा जनावरं नही इचारस. तो इचारस, भुक्याले कोणी खावाले दिधं? तान्हेल्याले कोणी पाणी पाजं? ज्यासनी दिधं, ते उजव्या हातले.’

अक्काने बिजलाकडे बोट केलं. म्हणाली, ‘याना पोऱ्या शे ना, तो तान्हा व्हता तव्हय त्यानी माय मरी गयी. दोन वरीस त्याले मन्या बकऱ्यास्नं दूध पाजं.’

‘व्हय,’ बिजला म्हणाला.

‘तान्हेलाच व्हता ना तो?’

‘व्हय, अक्का.’

‘मंग मी उजव्या हातलेच व्हतू, भाऊ,’ अक्का म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून ऐकवत नव्हतं. ‘मन्या बकऱ्या भी. तुम्ही मांगला रविवारले का नही सांगं?’

आबांनी पुस्तक मिटलं. ‘मनं चुकी गयं,’ ते म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून जन्मात ऐकलेलं नव्हतं. ‘चूक माझीही आहे, अक्का,’ असं मी म्हणायला हवं होतं. माझ्याने झालं नाही, मी खुंट्यांकडे बघत राहिले.

अक्का उठून आत गेली. चूल पेटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने तिने चहाचे तीन कप आणून आमच्यापुढे ठेवले, आणि पाहुण्यांपुढे कमी पडलं की बाईमाणूस खाली बघतं तशी खाली बघत म्हणाली, ‘काळाच शे, भाऊ. घरमा दूध नही.’