आईच्या बाजूने उभी राहिलेली वकीलबाई

डिचोली ठाण्यातली ती घटना मनातून कधी गेलीच नाही. गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळून फार काळ झाला नव्हता. मी तिथे उपनिरीक्षक होतो. खाणी जोरात चालू होत्या आणि सिंधुदुर्गातून आलेली कुटुंबं खाणींच्या कडेला खोपटं बांधून राहत होती.

एके सकाळी हजेरी आटोपते न आटोपते तोच कारापूरकडची एक वयस्क बाई ठाण्यात आली.

"साहेब, आमच्या माडांच्या पलीकडे एक खोपट आहे. नवरा-बायको खाणीवर जातात आणि भुरग्याला गोरवासारखं बांधून ठेवतात. बघवत नाही हो."

स्टेशन डायरीत नोंद करून मी महिला शिपायाला घेऊन निघालो. खबर खरी होती. चारेक वर्षांचा मुलगा, कमरेला दोरी, दोरीचं दुसरं टोक खोपटाच्या मेढीला. शेजारी पेज झाकून ठेवलेली. दोरीखाली मात्र जुन्या लुगड्याची मऊ घडी गुंडाळली होती. असल्या गोष्टी पोलिसाने पाहून ठेवायच्या असतात, अर्थ मागाहून लागतो. पंचनाम्यात तेही लिहिलं. मुलाला ठाण्यात आणून चहा-पाव दिला, बालकल्याण मंडळाला कळवलं आणि त्याची रवानगी निरीक्षणगृहात केली. आईबापांवर क्रूर वागणुकीचा गुन्हा नोंदवला.

दोघांना वेगवेगळं बसवून चौकशी केली. बाप खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर. "माका काय म्हायत नाय," म्हणाला, पण नजर वर करीना. आई एवढंच म्हणे, "मियाच बांधलंय." का बांधलं म्हणून विचारलं, की तोंड घट्ट मिटून घेई. खोटं बोलणारा माणूस सहसा जास्त बोलतो. ही बाई काहीतरी राखून होती. ते काय, हे मला तिच्याकडून काढता येईना.

वकील करण्याची त्यांची ऐपत नव्हती. मोफत कायदा साहाय्यातून पेडण्याकडची, पार्से गावची एक तरुण वकीलबाई आली. त्या काळी बालकल्याण मंडळापुढे वकिलाला खास परवानगीशिवाय उभं राहता येत नसे, आणि गरीब आईबापांसाठी ती मागायला सहसा कोणी जात नसे. तिने अर्ज केला आणि परवानगी मिळवली. मग, दोघांना पुन्हा चौकशीला बोलावलं होतं त्या दिवशी, ठाण्यात येऊन म्हणाली, "मला मुलाच्या आईशी एकांतात बोलायचं आहे."

"आम्ही विचारून थकलो, बाई."

"तुम्ही विचारलंत ते बरोबरच, साहेब. पण खरं सांगितलं तर पुढे काय होईल, हे तिला कोणी सांगितलं नाही."

बऱ्याच वेळाने तिने मला आत बोलावलं. "हे लपवलं तर मूल परत मिळणं कठीण, आणि सांगितलं तर मिळेलच असंही नाही, असं मी तिला स्पष्ट सांगितलंय. तरीही ती सांगायला तयार आहे. लिहून घ्या."

आई पदराचं टोक मुठीत धरून बोलू लागली. "सायबानू, माजो पयलो झील, ह्येचो मोठो भाव, खाणीच्या पाण्यात बुडान गेलो. आमी तेव्हा दुसऱ्या खाणीर होतों. ता सांगलंय तर तुमी म्हणशात, हिणा एक घालवल्यान, दुसरो हिच्याकडे कित्याक देवचो? ह्येचो जीव ऱ्हवाचो म्हणान बांधलंय."

बायकोने सगळं सांगितलं हे बाहेर बसलेल्या बापाला कळलं तेव्हा तो हमसून रडला. दोरी आणली होती त्यानेच.

आम्ही पुन्हा खोपटावर गेलो. मागे करवंदीच्या जाळीआड खाणीचा जुना खड्डा होता, काठोकाठ भरलेला. कुंपण नव्हतं. दोरी ताणून पाहिली. ती जाळीपर्यंतही पोचत नव्हती.

तिथून वकीलबाई सरळ तक्रार देणाऱ्या बाईच्या घरी गेली. आता भांडण होणार म्हणून मी मागोमाग गेलो. ती सोप्यावर बसली आणि शांतपणे म्हणाली, "मावशी, तुमची तक्रार खरी होती. आता त्या पोराचं काय व्हावं असं तुम्हाला वाटतं?"

सुनावणीच्या दिवशी तिने त्याच मावशीला आपली साक्षीदार म्हणून उभं केलं! दोरीचं समर्थन तिने अजिबात केलं नाही. "बांधणं चूकच होतं," ती मंडळाला म्हणाली, "पण या आईला दुसरा उपाय कोणी दिला होता?" मग मावशी पुढे झाली. "दोरी बघवली नाही म्हणून मी ठाण्यात गेले. दिवसाचं भुरगं माझ्या दारात खेळू दे. मी बघते त्याला."

मंडळाने देखरेखीच्या अटीवर मुलगा आईच्या ताब्यात दिला. खड्ड्याला कुंपण घालून घेण्याचं काम माझ्याकडे आलं, ते मी खाणीच्या मॅनेजरच्या मागे लागून करून घेतलं. क्रौर्याचा हेतू दिसत नाही, असा अहवाल मी न्यायालयात दिला आणि प्रकरण मिटलं.

पुढे ही वकीलबाई कित्येक खटल्यांत माझ्या विरुद्ध उभी राहिली. उलटतपासणीत तिने मला घामही फोडला. तरी माझा तिच्याबद्दलचा आदर वाढतच गेला. मुलाला वाचवायचं तर आईबापांना दरडावलं पाहिजे, अशी आमच्या खात्यात सर्वसाधारण समजूत होती. त्या प्रकरणानंतर मी एक पद्धत पाडली आणि निवृत्तीपर्यंत पाळली. एखादं मूल ताब्यात घ्यावं लागलं, की त्याच्या आईबापांना माझा पहिला प्रश्न असे, "तुमच्या बाजूने बोलणारं कोणी आहे का?" नाही म्हणाले, तर आधी वकिलाची सोय करायची. जबाब त्यानंतर.