चहूबाजूंनी थॅडियस पेटवे

थॅडियस पेटवे मागच्या रांगेत जन्मला नव्हता, पण तिथे तो इतका रुळला होता की बघणाऱ्याला तसंच वाटावं. डेट्रॉइटच्या पश्चिम भागातल्या एका जॅझ नृत्यकंपनीत तो पंचविशीत आला आणि आता छप्पन्नाव्या वर्षीही तिथेच होता. आधी मागच्या रांगेत नाचला. मग त्याला बदली नर्तक केलं, म्हणजे पुढचा कोणी आजारी पडला तर त्याच्या जागी उभं राहायचं. पुढचे लोक तब्येतीने ठणठणीत होते. पुढे गुडघे बोलायला लागले तेव्हा त्याला तालीममास्तर केलं. सगळ्यांचे सगळे नाच ज्याला पाठ आहेत आणि ज्याचा नाच कोणीच पाहिलेला नाही, असा माणूस प्रत्येक कंपनीला एक लागतो.

जॅझच्या वर्गात एक रीत असते. थोडा वेळ झाला की शिकवणारा ‘रांग बदला’ म्हणतो. पुढचे मागे जातात, मागचे पुढे येतात. रंगमंचावर ही रीत कोणी नेत नाही. यावर थॅडियसचं एक छोटं भाषण होतं. मागच्या रांगेतल्या माणसाला आयुष्यभर दुसऱ्याच्या पाठी दिसतात, असं ते सुरू व्हायचं आणि ऐकणाऱ्याची कॉफी संपेपर्यंत चालायचं. तो शिकवायचा त्या वर्गातली मुलं ते ऐकून मोठी झाली होती. त्याला वाटायचं, ती भारावून गप्प बसतात.

मग साथ आली. थिएटर बंद झालं. आईच्या चर्चमधल्या गायकवृंदातल्या कितीतरी खुर्च्या त्या वसंतात रिकाम्या झाल्या आणि अंत्ययात्रेला जायचीसुद्धा बंदी. कंपनीने तालमी संगणकाच्या पडद्यावर सुरू केल्या. थॅडियस स्वयंपाकघरात फ्रिजच्या दांड्याला धरून पाय उचलायचा आणि ओव्हनच्या काचेत स्वतःला बघायचा. ओव्हनमध्ये तो बराच बारीक दिसायचा.

त्या उन्हाळ्यात पोलिसांनी एका काळ्या माणसाचा जीव घेतला, लोक रस्त्यावर उतरले आणि त्यांचे आवाज बंद थिएटरांच्या आतही पोचले. कंपनीची संचालिका ग्रेचन व्हँडरलान ही उंच, गोरी, मनाने चांगली बाई. नाचांचा पाया काळ्या लोकांनी घातलेला आणि पुढच्या रांगेत बहुतेक गोरे, हे आपल्याला आधी का दिसलं नाही, असं ती पडद्यावर रडत म्हणाली. थॅडियस स्वतः काळा. त्याला ते पुष्कळ वर्षांपासून दिसत होतं, कारण तो मागून बघत होता. त्याने तिला टिपं पुसायला वेळ दिला. मग सगळ्यांना सारखी संधी मिळते का ते बघायला समन्याय समिती निघाली. अध्यक्ष कोण, हे विचारावं लागलं नाही. सगळ्यांनी एकदम त्याच्याकडे पाहिलं, निदान त्याला तसं वाटलं. पडद्यावर कोण कोणाकडे पाहतं ते कळत नाही.

पहिल्याच बैठकीत अध्यक्षांनी घसा खाकरला.

“सुरुवातीलाच एक बोलायचंय. माझं वैयक्तिक काही नाही, तत्त्वाची गोष्ट आहे. या पडद्यावरसुद्धा मी खालच्या रांगेत, कोपऱ्यात. आल्यापासून. हे कोण ठरवतं?”

केझाया ब्रॉडनॅक्स बोलली. ही तेवीस वर्षांची मुलगी बारा वर्षांची असताना त्याच्याच वर्गात आली होती, आणि आता कंपनीतली सगळ्यात चपळ नर्तकी होती.

“मिस्टर थॅड, माझ्याकडे तुम्ही सगळ्यात वर आहात.”

“माझ्याकडे मधोमध,” दुसरा कोणी म्हणाला.

“हे प्रत्येकाला वेगळं दिसतं, मिस्टर थॅड. तुम्हाला कोपऱ्यात तुमच्याच मशीनने बसवलंय,” केझाया म्हणाली.

“बरं,” थॅडियस म्हणाला. “मग तक्रार मागे घेतो.” मागे हा शब्द त्याच्या तोंडी शोभून दिसला.

आठवड्याभराने ग्रेचनचा फोन आला. त्याच्या आईच्या चर्चने आपलं वाहनतळ कंपनीला द्यायचं कबूल केलं होतं. प्रेक्षक गाड्यांत बसतील, काचा वर, गाणं गाडीच्या रेडिओवर, नर्तक डांबरावर खडूने आखलेल्या जागांत एकमेकांपासून लांब. सप्टेंबरच्या सुरुवातीला, सुट्टीच्या रविवारी.

“आणि थॅड, मधला संथ ब्लूजवरचा नाच तू करावास असं मला वाटतं. पुढे, मधोमध. हे फार आधी व्हायला—”

“हो,” थॅडियस म्हणाला. नम्रपणे दोनदा नाही म्हणायचं त्याने पंचवीस वर्षांपूर्वीच ठरवून ठेवलं होतं. ते नंतर भांडी घासताना आठवलं.

त्याने आईला सांगितलं. ओडेसा पेटवे ब्याऐंशीची होती. उभा जन्म तिने मोटारींच्या कारखान्यात सीटची कव्हरं शिवली होती आणि मुलाला रंगमंचावर शोधायला ती नेहमी चष्म्यावर दुसरा चष्मा लावायची.

“पुढे म्हणजे किती पुढे?” तिने विचारलं.

“अगदी पुढे, आई. माझ्यापुढे कोणी नाही.”

“कोणी आजारी पडलंय का?”

“नाही.”

“मग देवाची कृपा,” ती म्हणाली आणि तिने फोनवरून अख्ख्या चर्चला कळवलं. रविवारच्या प्रार्थनेत पाद्र्यांनी ब्रदर पेटवेच्या गुडघ्यांसाठी दोन शब्द घातले.

इतकं झाल्यावर केझायाने समितीपुढे आपली सूचना मांडली. वाहनतळाच्या एकाच बाजूला गाड्या लावल्या तर पहिल्या रांगेमागच्यांना समोरच्या गाडीची डिकी दिसेल. त्यापेक्षा गाड्या चारी बाजूंनी लावू, एकेक रांग, आणि मधे आपण गोलात नाचू. जॅझ तसाही गोलातच जन्मला. लोक भोवती टाळ्या देत, एक जण मधे जाई, मग दुसरा. गोलाला पुढची बाजू नसते, म्हणजे मागची रांगही नाही.

“तुमचंच भाषण आहे, मिस्टर थॅड,” ती म्हणाली. “मी फक्त शेवट जोडलाय.”

थॅडियसने तिच्याकडे पाहिलं. ते भाषण कोणी ऐकत असेल अशी शंका त्याला कधी आली नव्हती. वर्षानुवर्षं बाजारात उभं राहून ओरडावं आणि एके दिवशी खरंच कोणीतरी माल उचलून न्यावा, तसं झालं. पुढची बाजू नाही म्हणजे पुढे, मधोमध नाही. जी जागा मिळायला त्याचे केस पांढरे झाले, ती मिळाल्यावर पंधरवड्यात ही पोरगी ती जागाच पुसून टाकायला निघाली होती, आणि तेही त्याच्याच खडूने.

मतं झाली. दोन बाजूने, दोन विरुद्ध. विरुद्ध मतवाल्यांचं म्हणणं की सगळे नाच एका बाजूने बघायला बसवलेत, आता कुठे फिरवत बसणार. निर्णायक मत अध्यक्षांचं.

“हा विषय घाईचा नाही,” अध्यक्ष म्हणाले. “उपसमिती नेमू या.”

“उपसमितीत कोण?”

“मी.”

“आणि?”

“आधी मी तरी बघतो ना.”

रात्री बहिणीला त्याने सगळं सांगितलं. व्हर्लीन त्याच्याहून मोठी, आईसोबत राहणारी.

“म्हणजे न्याय हवा, पण तुझा नाच झाल्यावर,” व्हर्लीन म्हणाली.

“तसं नाही.”

“मग कसं?”

थॅडियसकडे उत्तर होतं. तत्त्व आणि व्यवहार असे दोन शब्द त्यात यायचे. त्याने मनात ते म्हणून पाहिलं तेव्हा ते ग्रेचनच्या आवाजात ऐकू आलं. म्हणून त्याने विषय बदलला.

कार्यक्रमाला दोन आठवडे असताना एका शनिवारी दुपारी वाहनतळावर उपसमिती भरली. थॅडियसने जुन्या पद्धतीने, एका बाजूच्या आखणीने तालीम लावली आणि आपल्या जागी केझायाला उभं केलं. प्रेक्षकांना कसं दिसतं ते आपण स्वतः बघू, असं तो म्हणाला. खरं तर आपण कसे दिसू ते त्याला बघायचं होतं. गाड्यांची व्यवस्था डीकन ॲम्ब्रोज बघत होते, चर्चमधले सगळ्यात जुने गृहस्थ. ते खुर्चीवर बसून काठीने जागा दाखवत होते.

“डीकन, माझ्या आईची गाडी कुठली?”

डीकननी काठी उचलली आणि पार टोकाला, चर्चच्या बाजूच्या दाराकडे नेली. “म्हाताऱ्या मंडळींच्या गाड्या तिथे. संडास तिथंच आहे, बाळ. सिस्टर ओडेसाला दोनदा तरी जावं लागतं.”

“पण ती शेवटची रांग आहे.”

“देवापुढे रांगा नसतात,” डीकन म्हणाले. “वाहनतळात असतात.”

थॅडियस व्हर्लीनची गाडी घेऊन त्या जागी गेला. पुढे दोन रांगांत नर्तकांच्या आणि शेजाऱ्यांच्या गाड्या मुद्दाम लावल्या होत्या. तो आईच्या सीटवर बसला, काच वर केली, रेडिओ लावला. ब्लूज सुरू झाला. समोर एक पांढरी व्हॅन होती. व्हॅनच्या टपावर शिडी बांधलेली. अधूनमधून शिडीच्या वर केझायाचा हात दिसायचा, मनगटापर्यंत, आणि जायचा. तो हात फार सुंदर होता. तो हात आपला आहे असं त्याने धरून पाहिलं. ओडेसा पेटवे दोन चष्मे लावून इथे बसणार आणि एक मनगट बघून घरी जाणार. वर चर्चला सांगणार की माझा मुलगा अगदी पुढे होता.

त्याने गाणं संपायची वाट पाहिली नाही. गाडीतून उतरला, पायाला मुंग्या आलेल्या, लंगडत पुढे आला.

“गोल,” तो म्हणाला. “माझं मत गोलाला.”

विरुद्ध मतवाल्यांनी नंतर सगळीकडे सांगितलं की मिस्टर थॅडने स्वतःची जागा न्यायासाठी सोडली. ग्रेचन पुन्हा रडली. थॅडियसने कोणाचं म्हणणं दुरुस्त केलं नाही. खोटा मान नाकारायलाही मानाची थोडी सवय लागते, ती त्याला नव्हती.

मग ब्लूज नव्याने बसवायचं काम त्याच्यावरच आलं. एका दिशेने केलेली प्रत्येक हालचाल आता चार दिशांत वाटायची. जिथे तो खांदा टाकून थांबायचा तिथे आता पाव फेरी फिरायची, मग पुन्हा थांबायचं. गुडघ्याला हे पसंत नव्हतं. केझाया समोर उभी राहून टाळीने ताल द्यायची.

“तुम्ही पाठ फिरवता तेव्हा कसेनुसे होता, मिस्टर थॅड. जणू माफी मागताय.”

“सवय आहे. पाठ बघायची. दाखवायची नाही.”

“मग दाखवा ना. बरी आहे.”

“बरी?”

“चांगली आहे,” ती म्हणाली. “हुरळून जाऊ नका.”

सुट्टीच्या रविवारी ऊन उतरत असताना गाड्या लागल्या. चारी बाजूंनी काचा, काचांमागे मास्क लावलेले चेहरे, मांडीवर कागदात गुंडाळलेले तळलेले मासे. म्हाताऱ्यांच्या गाड्या चर्चच्या दारापाशी, पण आता तीही पहिलीच रांग होती. व्हर्लीनच्या गाडीत आई टोपी घालून बसली होती, दोन्ही चष्मे लावून.

ब्लूज आला. थॅडियस खडूच्या गोलात गेला. आईकडे तोंड करून त्याने खांदा टाकला, थांबला. मग फिरला. समोर एक अनोळखी बाप आणि त्याच्या गाडीच्या टपावर बसलेली मुलगी. पुन्हा फिरला. तिथे अंत्ययात्रेला जायला न मिळालेले गायकवृंदातले लोक, एकेका गाडीत एकेक जण. तिथे तो जरा जास्त थांबला, तसं बसवलेलं नव्हतं. तेवढा वेळ आईकडे त्याची पाठ होती. त्याने ती ताठ ठेवली. मग आणखी एक फेरी आणि शेवट.

हॉर्न वाजले. गाड्यांचं इतकं भांडखोर कौतुक डेट्रॉइटमध्येच होऊ शकतं. फक्त व्हर्लीनच्या गाडीतून आवाज नव्हता. तिथे पाऊस नसताना वायपर चालू होते, इकडून तिकडे, जोरात.

गाड्या निघू लागल्या तेव्हा तो मास्क लावून आईच्या खिडकीपासून लांब उभा राहिला. व्हर्लीनने काच चार बोटं खाली केली.

“आई चर्चच्या आवारात हॉर्न वाजवू देईना,” ती म्हणाली. “म्हणून वायपर.”

“दिसलो का, आई?”

“दिसलास.” ओडेसाने वरचा चष्मा काढला. “मधेच कुठे गेला होतास?”

“कुठे नाही. पलीकडच्या लोकांकडे तोंड होतं. चारी बाजूंना लोक होते, आई. सगळ्यांना सारखं द्यायचं होतं.”

“कळतं मला. कारखान्यात युनियनमध्ये होते मी.” तिने टोपी सारखी केली. “पण त्या गायकवृंदवाल्यांना जास्त दिलंस.”

“थोडं जास्त झालं खरं.”

“त्यांना दिलंस ते ठीक. त्यांचं माणूस गेलंय.” तिने चष्मा पुन्हा लावला. “माझा वाटा राहिला तो आता दे.”

“आता? आई, गुडघा सुजलाय.”

“मी थांबते. मला कुठे जायचंय.”

“कर बाबा लवकर,” व्हर्लीन म्हणाली. “तिला संडासला जायचंय.”

मागे डीकन ॲम्ब्रोज काठीने गाड्यांना वाट दाखवत होते आणि ग्रेचन कोणाचे तरी आभार मानत होती. रेडिओवर आता दुसरंच काही लागलं होतं. थॅडियसने खिडकीकडे तोंड केलं, गुडघा जरा सांभाळून खांदा टाकला आणि थांबला. या खेपेला तो फिरला नाही.