तिच्या नवऱ्याचा काढा

मला स्ट्रोक आला तेव्हा मी सँडीफोर्ड या उपनगरातल्या ऑफिसात एका मीटिंगमध्ये बोलत होते. वाक्य मधेच तुटलं आणि डावा हात टेबलावरून घसरून खाली लोंबायला लागला. वय एक्केचाळीस. मेंदूतली रक्ताची गाठ वेळेत काढली आणि काही दिवसांनी मला रिहॅबच्या वॉर्डात हलवलं.

शेजारच्या पलंगावर माझ्याच वयाची एक चिनी बाई होती, शाळेत गणित शिकवणारी. तिचाही डावाच हात गेला होता. त्यामुळे सकाळी डोळे उघडले की मी आधी तिची बोटं बघायचे, मग माझी.

रोज संध्याकाळी तिचा नवरा थर्मास घेऊन यायचा. झाकण उघडलं की जेठमध आणि ओल्या मातीसारखा वास माझ्यापर्यंत पोचायचा.

"हा काढा मेंदूला जपतो म्हणतात," ती एकदा म्हणाली. "कसली कसली मुळं असतात. नवरा पहाटे उठून उकळत बसतो." डॉक्टरांना विचारूनच चाललं होतं. तिच्या गोळ्या वेगळ्या होत्या, त्यांच्याबरोबर हा काढा चालत होता.

माझा नवराही रोज यायचा. धुतलेले कपडे, द्राक्षं, फोनचा चार्जर, सगळं आठवणीनं आणायचा. मग खुर्चीत बसून लॅपटॉप उघडायचा.

एक दिवस तिनं डाव्या हातात पेन्सिल धरली. माझ्या हातातून साधा स्पंजही सुटत होता.

"मला तो काढा हवाय," मी नवऱ्याला म्हटलं.

त्यानं लगेच फोनवर शोधलं. "उंदरांवर बरंच काम झालंय. माणसांच्या बाबतीत अजून पक्कं काही नाही."

"मी तुला पुरावा मागितला नाही."

तरी त्यानं फार्मासिस्टला बोलावलं. ती बाई माझ्याजवळ बसून शांतपणे म्हणाली, "तुझ्या गोळ्या रक्त पातळ करणाऱ्या आहेत. यातली काही मुळंही तेच करतात. दोन्ही एकत्र झालं तर रक्तस्राव होऊ शकतो. तुला नाही चालणार."

म्हणजे तेही दार बंद. शेजारीण समजूत घालायला लागली, "अगं, मी दिवसभर व्यायामही करतेच ना. कशानं फरक पडला कोण जाणे." तिचा हा समजूतदारपणा तर मला आणखीच झोंबला. दुसऱ्या दिवशी तिच्या हातून कप पडला तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं.

शेवटी नवरा वैतागला. "तुला नक्की काय हवंय?"

"माझ्यासाठीही कुणीतरी गॅससमोर उभं राहावं," मी म्हटलं आणि रडायलाच लागले.

त्याला चहापलीकडे काही येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं डब्यातून मुगाचं कढण आणलं, नागपूरला आईला व्हिडिओ कॉल लावून केलेलं. खारट होतं आणि तळाला लागलेलं. जिऱ्याऐवजी भलतंच काहीतरी पडलं होतं. लॅपटॉप बंद ठेवून तो माझा प्रत्येक घास बघत होता. मी डबा संपवला.

म्हणून हेवा संपला असं मात्र नाही. पुढच्या आठवड्यात ती घरी गेली, स्वतःच्या पायांनी. जाताना तिनं मला दोन्ही हातांनी मिठी मारली. मला एकाच हातानं मारता आली.

आता मी अर्धा वेळ ऑफिसला जाते. हात बराचसा आलाय, पण मुलीची वेणी अजून घालता येत नाही. "इट्स ग्रँड, मॅम," असं आयरिश मुलांसारखं आईला 'मॅम' म्हणत ती रबरबँड लावून पळते.

परवा लुअस ट्रामच्या स्टॉपवर वॉर्डातली ती शेजारीण दिसली. ट्राम सुटत होती आणि ती पळत येऊन आत चढली. काचेतून मला पाहून तिनं हसून हात केला. मीही केला. ट्राम निघून गेली. ती कशी पळाली, एवढंच बराच वेळ डोळ्यांसमोर होतं आणि मी तिच्यावर जळत उभी होते.