काकूने ओढलेली रेघ

आमचे काका वेल्डर. घरात लहानथोर सगळ्यांना त्यांचा एकच कायदा: लख्ख उजेड दिसला की आधी डोळे मिटायचे, चौकशी नंतर. बाकी माणूस अगदी गरीब गाय. हौस एकच, तुटता तारा बघायची. रोज काम आटोपलं की अंगणात खुर्ची टाकून मान वर करून बसायचे. काकू म्हणायची, तारे बघायला बसतात आणि घोरायला लागतात. तुटता तारा काही त्यांना उभ्या जन्मात दिसला नव्हता.

त्या संध्याकाळी अंगणात एका गिऱ्हाइकाचं पत्र्याचं फाटक आडवं टाकलं होतं. जोड तपासायला काकांनी मशीन बंद केलं, काळ्या काचेचा मुखवटा डोक्यावर सारला, आणि अचानक भिंती, फाटक, माझे हातसुद्धा हिरवट पांढरे झाले. काकांनी मानेच्या एका झटक्यात मुखवटा खाली पाडला आणि ओरडले, "डोळे मिटा!"

मी मिटले. शहाण्यासारखं वागणं कधी नडेल, सांगता येत नाही.

उघडले तेव्हा अख्खी गल्ली रस्त्यावर येऊन आकाशाकडे बोटं दाखवत होती. केवढी उल्का, म्हणे, या छपरापासून त्या छपरापर्यंत शेपूट! आमच्यात ती पाहिली एकट्या काकूनं, दोरीवरचे कपडे छातीशी धरून. मशीन बंद होतं, मग डोळे कशाला मिटायचे, हा तिचा सरळ हिशोब.

काकांचा चेहरा बघवेना. जन्मभर वाट पाहिली आणि ऐन वेळी स्वतःच काच ओढून घेतली.

"कशी होती गं?" त्यांनी विचारलं.

काकूनं हातवारे केले, अडखळली. मग कपडे माझ्या अंगावर टाकून म्हणाली, "अहो, मशीन चालू करा."

त्या मशीनला तिनं कधी बोटही लावलं नव्हतं. तिनं दुसरा मुखवटा चढवला आणि रॉड त्या फाटकाच्या पत्र्यावर टेकवला. दोनदा चिकटला. तिसऱ्यांदा पेटला.

"इथून निघाली," ती सांगत होती, "इथं फुटली, आणि ही अशी विझली."

मी पाठ करून उभी होते. समोरची भिंत पुन्हा तशीच उजळली होती.

"परत एकदा दाखव," काका म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

वाकडी रेघ काकांनी कधी घासून काढल्याशिवाय सोडली नव्हती. गिऱ्हाइकाला त्यांनी दुसरं फाटक करून दिलं. हे आमच्या दाराला आहे.