शिडीमामांनी वाढवलेला नियम

शिडीमामांची आणि माझी पहिली भेट माझ्या कपाळावर झाली. गल्लीच्या वळणावरून ते खांद्यावर शिडी घेऊन येत होते. शिडी इतकी लांब, की तिचं पुढचं टोक मला सकाळी लागलं आणि मागचे मामा दुपारी पोचले. "लागलं का हो?" असं विचारलं मला, पण हात फिरवला शिडीवरून.

मामा लाकडाच्या शिड्या करत. एका वेळी एकच. झाली की स्वतः वर चढून दणादण उड्या मारत. "मला पेलली, ती जगाला पेलली!" मामांचा देह पाहता ही तपासणी जरा जास्तच कडक होती.

समोर त्यांच्या साडूचा, म्हणजे मेव्हणीच्या नवऱ्याचा, ॲल्युमिनियमच्या शिड्यांचा कारखाना. गिऱ्हाइकं मामांकडे वळतात हे त्याला खुपे. त्याने सरकारी कचेरीत कळवलं, की मामांच्या शिड्यांवर तपासणीचा शिक्का नाही. दुकानाला सील लागलं. वर साडू हळहळायलाही आला.

"काय करणार साडूभाऊ, नियम आहे!"

"नियम काय? थांब, याच नियमावर तुला चढवतो आणि खालून ओढून घेतो."

मामांनी शिक्का मिळवला, दुकान उघडलं, तरी कचेरीचे खेटे चालूच. मागणी एकच: नुसत्या शिक्क्यावर भागवू नका. प्रत्येक लॉटमधली एक शिडी वजन टाकून मोडा, ती किती पेलते ते पाहा, मगच लॉट विकू द्या. साहेब गहिवरले. नियम काढा म्हणणारे त्यांनी ढिगाने पाहिले होते. वाढवा म्हणणारा हा पहिलाच. त्यांनी मामांना चहा पाजला, शिफारस वर पाठवली आणि नियम झाला.

साडूची शिडी चार पोत्यांतच बसली. मामा भर रस्त्यात नाचले. "अरे, तुझ्या शिडीपेक्षा माझी बायको मजबूत! इतकी वर्षं मला पेलतेय!"

साडूने जाड पाइप आणला. हजारांच्या लॉटमधली एक मोडली, बाकीच्या विकल्या. मग साहेब पोती घेऊन मामांच्या दारात आले.

मामींनी हळूच विचारलं, "अहो, आपला लॉट केवढा?"

मामांचा चेहरा उतरला. लॉट एका शिडीचा. ती बारा पोती पेलून मोठ्या ऐटीत मोडली. पुढचीही.

"साडूला सोडणार नाही," असं मामा दुकान विकतानासुद्धा म्हणत होते.

हल्ली ते साडूच्या कारखान्यात शिड्या मोडायच्या कामाला आहेत. पगार वेळेवर होतो.