मामांचा फेरफटका

माझे मामा जन्मभर हॉटेलात वेटर होते. टेबल ते भटारखाना आणि भटारखाना ते टेबल, तेही धावत, एवढंच त्यांच्या पायांना ठाऊक. त्यामुळे मामींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "रोज संध्याकाळी दोघं फेरफटका मारा, नाहीतर गुडघा आखडेल तो कायमचाच," तेव्हा खरा पेशंट कोण हे मला लगेच कळलं.

"कुठे जायचं?" मामांनी विचारलं.

"कुठे नाही हो. फेरफटका," मामी म्हणाल्या.

"म्हणजे परत इथेच यायचं?"

"हो."

"मग जायचं कशाला?"

मी मध्ये पडले. म्हटलं, "मामा, खेप म्हणजे काहीतरी पोचवायचं. फेरी म्हणजे ठरलेल्या वाटेनं जायचं. फेरफटक्यात यातलं काहीच करायचं नाही. रमतगमत जायचं, कंटाळा आला की परतायचं." गिऱ्हाइकानं नसलेला पदार्थ मागावा तसा मामांचा चेहरा झाला.

पहिल्या दिवशी मामी फाटकापाशी पोचेपर्यंत मामा कोपऱ्यावरून परतही आले. "झाला," म्हणाले.

मामींनी कपाळावर हात मारला. काठी त्यांना नको होती, कारण काठी घेतली की लोक आजी म्हणतात. एकटीनं रस्त्यावर उतरायची भीती वाटायची. मग त्या घरीच बसून राहिल्या. हळूहळू गुडघा वाकेनासा झाला, जिना उतरताना डोळ्यांत पाणी यायला लागलं. मला मामांचा भयंकर राग आला आणि तो मी बोलूनही दाखवला.

मामा बिचारे खजील झाले. खरी गोम हॉटेलच्या शिस्तीत होती. तिथे वेटरनं रिकाम्या हातानं चालायचं नसतं. जाताना भरलेल्या प्लेटी, येताना खरकटी भांडी. हात मोकळे दिसले की मालक खेकसायचा. त्या धाकानं मामांचे पाय अजून पळत होते.

शेवटी मीच दोघांना रिक्षात घालून बागेत नेलं. मामींना बाकावर टेकवून वळते तोच मामा गायब! सगळ्या बाकांवरचे कागदी कप गोळा करून ते कचऱ्याच्या डब्याकडे निघाले होते. मागून एक गृहस्थ धावत आले.

"अहो, माझी कॉफी!"

मामांनी अदबीनं कप परत दिला आणि विचारलं, "आणखी काही?"

मी हसून हसून बेजार झाले. मामी हसल्या नाहीत. त्या उठल्या, लंगडत मामांपाशी गेल्या आणि आपला हात त्यांच्या हातात कोंबला.

"हे धरा. काठोकाठ भरलंय. सांडलंत तर बघा."

मामा जागीच थबकले. मग कोपर अंगाशी घेऊन, नजर समोर ठेवून त्यांनी एक पाऊल टाकलं. मामींचं पाऊल पडेपर्यंत थांबले, मग दुसरं. दोन पोरं खेळता खेळता आडवी आली, तर मामा गरजले, "साइड! साइड!" बागेतून घरापर्यंत दोघं असेच आले. मी दोनदा पुढे जाऊन मागे आले, तरी त्यांचं आपलं चालूच. मामी चक्क शेजारच्या घरांचे पडदे बघत होत्या.

फाटकाशी मी म्हटलं, "मामा, पोचलो. सोडा आता हात."

मामांनी गोंधळून मामींकडे पाहिलं. "ठेवू कुठे?"

"इतक्यात नका ठेवू," मामी म्हणाल्या, आणि दोघं कोपऱ्याकडे चालू लागले.