अण्णाचं हिरवं इंजिन

गेल्या खंडेनवमीला, सकाळी साडेदहा वाजता, मी माझ्या भावाचा छंद संपवला.

अण्णा माझा थोरला भाऊ. रिटायर्ड इंजिनिअर. परवा गेला.

बंगळुरातल्या आमच्या येलहंक्याच्या घरात बसून तो पत्र्याच्या, चावीवर चालणाऱ्या जुन्या खेळण्यातल्या आगगाड्या दुरुस्त करायचा.

एका हिरव्या इंजिनावर आठ महिने काम चाललं होतं. कापसाच्या काडीला थुंकी लावायची आणि रोज नखाएवढा भाग पुसायचा.

"शी! आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी छड्या मारल्या असत्या," मी म्हणायचे.

"बेबी, साबणाने जुना रंग उठतो. थुंकी सौम्य असते."

"तुझी असेल."

"हो, तुझ्याने पत्राही विरघळेल."

त्या दिवशी तो वॉकला गेला होता. इथे आयुधपूजेला अख्खी गल्ली स्कूटर धूत होती. मी समई घासली, विळी घासली. मग इंजिन दिसलं.

थुंकी लावलेली वस्तू देवापुढे? माझ्या घरात?

भांड्यांचा साबण. तारेची घासणी. पाच मिनिटं.

सिंकमध्ये हिरवं पाणी. सोनेरी रेघा गेल्या, नंबर गेला. हातात पांढरा पत्रा.

अण्णा आला. बराच वेळ इंजिन हातात फिरवत राहिला.

"नवा पेंट मारता येतो," मी वर तोंड करून म्हणाले.

"येतो की."

मग म्हणाला, "सरी, बिडु." म्हणजे, बरं, सोड. भांडण नको असलं की तो कन्नडमध्ये शिरायचा.

त्यानेच इंजिनाला हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला. त्यानंतर कापसाची काडी हातात धरली नाही.

लोक विचारायचे. मी सांगायचे, "डोळे दमलेत त्याचे."

तो समोर बसून मान डोलवायचा. पेपरातल्या टेंडर नोटिसा बिनचष्म्याने वाचणारा माणूस!

मी सॉरी म्हटलं नाही. एकदाही नाही.

काल त्याच्या हॉबी ग्रुपने श्रद्धांजली टाकली: "दृष्टी मंदावल्याने त्यांनी छंद सोडला होता."

साफ खोटं. आणि ते माझं आहे.

अण्णा, सॉरी. नीट जा.

ग्रुप ॲडमिन, ते वाक्य काढा. "बहिणीने इंजिन घासून खराब केलं, म्हणून छंद सुटला" असं लिहा. शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत. आणि केल्याचं मला लेखी कळवा.

फोन करू नका. फोनवर मी पुन्हा डोळ्यांचंच सांगेन.